कोबीच्या पिंपाशेजारी

स्पास: फ्रीझरमध्ये ठेवली होती का? खरं सांगा, मी रागावत नाही. दहातले सहा जण ठेवतात.

हरालाम्पी: फ्रीझरमध्ये कशाला ठेवू? डिस्क आहे ती, मिरच्या नाहीत.

स्पास: इंटरनेटवर कुणीतरी लिहून ठेवलंय, बंद पडलेली डिस्क गारठवली की चालते. ज्यानं लिहिलं तो राहतो कुठे एवढं कळलं ना, तर एकदा त्याच्या घरी जाऊन येईन म्हणतो. उन्हात वाळत घातली?

हरालाम्पी: नाही.

स्पास: तांदळात पुरली?

झोर्नित्सा: अहो, त्यांनी काही केलेलं नाही. फोटो साठवायची पेटी छोट्या खोलीत कपाटावर होती, मी स्वतः ठेवली होती. एक दिवस बंद पडली. एवढंच. आम्हाला बोलावलंत ते हे विचारायला?

स्पास: निम्मं हे विचारायला, ताई. निम्मं काय निघालं ते दाखवायला.

(बल्गेरियातल्या रुसे शहरात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, चांभाराच्या शेजारचं दुकान स्पासचं. मेलेल्या डिस्कमधून लोकांचं हरवलेलं काढून देणं हा त्याचा धंदा, आणि पन्नाशीतच डोळे चोळायची सवय लागली आहे ती त्यामुळेच. समोरच्या खुर्च्यांवर हरालाम्पी, टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं तारा ओढून निवृत्त झालेला. आणि त्याची मुलगी झोर्नित्सा, जर्मनीतल्या न्युरेम्बर्गहून आठवड्याच्या रजेवर आलेली. तिने अजून कोटसुद्धा काढलेला नाही. नोव्हेंबरची दुपार. तिघंही आधीच दमलेली आहेत.)

झोर्नित्सा: मग आधी दाखवा.

स्पास: आधी विचारतो. रोग कळला तर अजून किती खणायचं ते कळतं. तुमच्या पेटीत दोन डिस्क. दोन्हीवर तेच.

झोर्नित्सा: हो. एक गेली तर दुसरी चालू राहावी म्हणून. त्यासाठीच तर घेतली होती.

हरालाम्पी: मला म्हणायची, बाबा, विमानालासुद्धा दोन इंजिनं असतात.

स्पास: पेटी स्वतःची रोजनिशी ठेवते, ती मी वाचली. पहिली डिस्क फेब्रुवारीत गेली. दुसरी मे महिन्यात. दोघी एकाच दुखण्यानं. ही डिस्कखालची सर्किटची पट्टी बघा. ही हिरवी पूड दिसतेय? कपाटावर ठेवलेल्या पेटीला अशी पूड धरत नाही, ताई. वास घेऊन बघा.

झोर्नित्सा: नको.

हरालाम्पी: जुन्या वस्तूंना वास येतोच.

स्पास: काका, जुन्या वस्तूंचा वास मी वीस वर्षं घेतोय.

झोर्नित्सा: हे बघा, परवा माझं विमान आहे. आम्हाला एकच फोटो हवाय. बाकीचं सगळं गेलं तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही. पण आज तो एक द्या.

स्पास: कुणाचा?

हरालाम्पी: दोन्काचा. माझी बायको. जानेवारीत तिला वर्ष होईल. मेतोदी पाथरवट खोळंबलाय, जमीन गोठायच्या आत दगड बसवायचाय. काळ्या दगडावर टोच्यानं एकेक ठिपका मारून तो चेहरा काढतो, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, हरालाम्पी, स्वच्छ फोटो आण. सोमवारपर्यंत आणला नाहीस तर ओळखपत्रावरचा घेतो.

झोर्नित्सा: ओळखपत्रावरचा नाही.

हरालाम्पी: नाहीच. सांग याला, का ते.

झोर्नित्सा: तुम्हीच सांगा. मला कंटाळा आलाय ते सांगायचा.

हरालाम्पी: अरे मिस्त्री, त्या दिवशी सकाळी तिनं दाढ काढून घेतली होती. आणि दुपारी पोलीस ठाण्यात ओळखपत्राच्या फोटोची पाळी. मी म्हटलं, उद्या जा. म्हणाली, पुन्हा त्या रांगेत कोण उभं राहील? गेली. गाल हा असा. आणि ती वारली तेव्हा हाताशी फोटो तोच. पेटी तेव्हा चालू होती, पण ती उघडायची कशी हे मला माहीत नव्हतं. ही झोरा विमानात होती. छापखानेवाला म्हणाला, काका, काहीतरी द्या, संध्याकाळच्या आत निधनाचे कागद चिकटवायचेत. दिलं. मग चाळीस दिवसांच्या कागदावर तोच, सहा महिन्यांच्या कागदावर तोच. आमच्या दारावर, बसथांब्यावर, चौकातल्या लिंडनच्या झाडावर. दहा महिने झाले, बाई सुजलेल्या गालानं बसची वाट बघतेय. मी पाव आणायला आता पलीकडच्या बाजूनं जातो.

स्पास: घरात कागदावर एकही नाही?

हरालाम्पी: लग्नातला आहे. बावीस वर्षांची. दगडावर माझ्या शेजारी ती लावली तर लोक म्हणतील नात असेल.

झोर्नित्सा: तुमच्या शेजारी नाही, बाबा. त्यावर आपलं बोलून झालंय. दगडावर आई एकटी.

हरालाम्पी: मी काय म्हणतोय? मेतोदी म्हणतो, सगळे दोघांचाच करून घेतात. जो मागे राहिलाय त्याचं नाव आणि चेहरा आत्ताच कोरून ठेवायचा, तारीख तेवढी मोकळी. माझ्या आईबापांचा तसाच आहे. बाप सात वर्षं दर रविवारी जाऊन स्वतःला फुलं वाहून यायचा.

झोर्नित्सा: आणि मला ती मोकळी जागा बघायची नाही. दर सुट्टीत मी दोन हजार किलोमीटर यायचं, तिथं उभं राहायचं आणि ती रिकामी जागा बघायची? मला भीती वाटते, बाबा. सरळ सांगते.

हरालाम्पी: बरं बाई. एकटी तर एकटी.

स्पास: आणि हवा असलेला फोटो कुठला?

हरालाम्पी: अख्तोपोलचा. समुद्रावरचा, सोळा वर्षांपूर्वीचा. तिनंच सांगून ठेवलंय, दवाखान्यात. म्हणाली, ओळखपत्रावरचा लावलास तर रोज स्वप्नात येऊन बसेन. अख्तोपोलचा लाव, निळ्या झग्यातला, मी हसतेय तो. मी हो म्हटलं. तिला हो म्हणून आयुष्यात मी फार गोष्टी केल्या नाहीत, मिस्त्री. तिच्या माहेरच्या विहिरीचं झाकण अजून तसंच आहे. ही एवढी करायचीय.

झोर्नित्सा: तो छापून घ्यायचा होता त्यांना. दोनदा विचारलं मला. मी म्हटलं कागद कशाला, सगळं पेटीत आहे की.

स्पास: ताई, बाहेर करडी गाडी तुमची का? पार्किंगच्या निळ्या रेघेवर उभी आहे ती?

झोर्नित्सा: हो. भाड्याची. का?

स्पास: चाकाला कडं अडकवणारे फिरतात या वेळी. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची अडकवली, त्याची डिस्क तिथेच राहिली आणि तो ठाण्यात. वर चर्चच्या मागे जागा असते.

झोर्नित्सा: आत्ताच हे व्हायचं होतं. आलेच मी. बाबा, तोवर काही सही-बिही करू नका.

हरालाम्पी: खरंच कडं घालतायत?

स्पास: या गल्लीत ते मंगळवारी येतात. आज गुरुवार. पण चर्चला वळसा घालून यायला तिला सात-आठ मिनिटं लागतील. बोला, काका.

हरालाम्पी: काय बोलू?

स्पास: माझ्या आईच्या तळघरात कोबी खारवायचं दोनशे लिटरचं पिंप आहे. हा कोबीचा खार आहे, काका. मीठ, बडीशेपेचे देठ, सगळं. आणि त्याच्यावर आणखी कसल्या तरी दारूचा वास येतोय.

हरालाम्पी: राकिया.

स्पास: राकिया.

हरालाम्पी: बंद पडली तेव्हा उघडून बघितली. ओलसर लागली हाताला. खात्यात आम्ही तारांचे जोड स्पिरिटनं पुसायचो, पुसलं की लख्ख. स्पिरिट नव्हतं घरात. घरची राकिया होती, मेव्हण्यानं गाळलेली, पंचावन्न टक्क्यांची. कापसानं पुसली, हळू हातानं.

स्पास: आणि राहिलेलं पंचेचाळीस टक्के पाणी, काका.

हरालाम्पी: ते मग लक्षात आलं. आपण पितो तेव्हा कुठे लक्षात येतं.

स्पास: पण तळघरात नेलीत कशाला?

हरालाम्पी: तू कधी दवाखान्यात राहिलायस?

स्पास: अपेंडिक्सला.

हरालाम्पी: ती तीन आठवडे यंत्रांखाली काढून आली. मागचा नोव्हेंबर. मोठ्या खोलीत थंडी, म्हणून छोट्या खोलीत खाट लावली. उशाशी कपाट, कपाटावर ती पेटी. घुर्रर्र घुर्रर्र, आणि हिरवा दिवा, उघडझाप. घरी येऊन तास झाला नसेल, माझा हात धरून म्हणाली, हरालाम्पी, हे पण मला मोजतंय का रे? दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खाली.

स्पास: बंद का नाही केलीत?

हरालाम्पी: झोरा तिकडून, इंटरनेटवरून, रोज त्यातले फोटो बघायची ना. कामावरून आली की बघायची, मग फोन करायची, आई, आज हा बघितला, तो बघितला. ते कसं बंद करू? मग तार ओढली. दुसऱ्या मजल्यावरून, मागच्या भिंतीनं, झरोक्यातून थेट तळघरात. अखंड. एक जोड नाही. अडतीस वर्षांत इतकी सुरेख तार ओढली नव्हती मी. कुणाला काही कळलं नाही. फोटो तिकडे दिसतच राहिले.

स्पास: आणि ठेवलीत नेमकी पिंपाशेजारी.

हरालाम्पी: जागाच तेवढी होती. फळ्यांवर दोन्काच्या बरण्या. भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो, आलुबुखार. सप्टेंबरात तिनं लावलेल्या, उभं राहवत नव्हतं तरी खुर्चीवर बसून लावलेल्या. त्या मी हलवल्या नाहीत. अजूनही हलवल्या नाहीत. तोटीपाशी एक फळकुट होतं, त्यावर पेटी. आणि पिंपाचा खार तर उलटावा लागतोच, दर तिसऱ्या दिवशी. खालनं तोटी सोडून बादली भरायची, वरनं ओतायची. नाहीतर कोबी कुजतो. ती वर खाटेवरून विचारायची, उलटलास? मी ओरडून सांगायचो, उलटला! उंचावरून ओततो माणूस, शिंतोडे उडणारच.

स्पास: फेब्रुवारीत पेटी ओरडली असेल. एक डिस्क गेली की पेटी शिट्टी मारत बसते.

हरालाम्पी: फेब्रुवारीत मी तळघरात गेलोच नाही. दोन्का गेल्यावर कोबी कुणासाठी खायचा? पिंप तसंच राहिलं. बाजूच्या तळघरवाला गेनादी एकदा जिन्यात भेटला, म्हणाला, तुझं ते उंदीर पळवायचं यंत्र झकास आहे हां, यंदा माझ्या बटाट्यांना एक उंदीर शिवला नाही. मला वाटलं, प्यायलाय.

स्पास: काका, हसू नये, पण...

हरालाम्पी: हस. कुणीतरी हसायला पाहिजे. पण झोराला सांगू नकोस. मी तिच्या आईचा दगडावरचा चेहरा बुडवला, तोही कोबीच्या पाण्यात, असं तिला कसं सांगू? ती गप्प बसते मग. चिडली तर चालते, गप्प बसली की मला घरात राहवत नाही.

स्पास: मी डिस्क वाचतो. माणसांचं मी कुणाला काही सांगत नाही. पण ती विचारेल.

हरालाम्पी: विजेचं सांग. दाब कमी-जास्त झाला म्हणून सांग.

स्पास: सगळ्यांना वीजच हवी असते.

हरालाम्पी: आली.

झोर्नित्सा: कडंबिडं काही नव्हतं तिथे. एक माणूसही नव्हता.

स्पास: पुढच्या गल्लीत गेले असतील.

झोर्नित्सा: बाबांचा चेहरा असा का झालाय? काय सांगितलंत त्यांना?

हरालाम्पी: वीज. दाब कमी-जास्त झाला, असं म्हणतो हा.

झोर्नित्सा: तुम्ही असं म्हणालात?

स्पास: मी अजून काहीच म्हटलेलं नाही, ताई.

झोर्नित्सा: बाबा, सोमवारी तुम्ही पाव आणायला गेलात ना, तेव्हा मी खाली गेले होते. मिरच्यांची एक बरणी आणावी म्हटलं. फळकुटावर पेटीच्या चार पायांचे ठसे आहेत. भोवती मिठाची पांढरी रेघ. आणि झरोक्यातून आलेली तार. दर वीत-वीत अंतरावर खिळा, एका रेषेत, वळणावर गोल वेटोळं. त्या तारेवर कुणी सही करायची गरज नव्हती.

हरालाम्पी: मग मघाशी कपाटावर होती म्हणालीस ती?

झोर्नित्सा: परक्या माणसासमोर तुम्हाला खाली बघायला लागू नये म्हणून. घरी सांगाल असं वाटलं होतं. चार दिवस वाट बघितली.

हरालाम्पी: सांगणार होतो.

झोर्नित्सा: कधी? विमानतळावर?

हरालाम्पी: तिला तो आवाज सहन होत नव्हता, झोरा. दिवा सहन होत नव्हता. मला दुसरं सुचलं नाही.

झोर्नित्सा: मला तर तेवढंही विचारावंसं वाटलं नाही. आईच्या उशाशी आवाज करणारी वस्तू मीच ठेवून गेले होते. फोनवर विचारायचे, पेटी चालू आहे ना? आई झोपली का, हे त्याच्यानंतर.

हरालाम्पी: तसं नाही ते.

झोर्नित्सा: थांबा. अजून आहे. हे यांना माहीत असेल, रोजनिशी वाचलीय त्यांनी. पेटी मला पत्रं पाठवत होती.

हरालाम्पी: कसली पत्रं?

स्पास: बिघाड झाला की पेटी मालकाला आपोआप ईमेल करते, काका. तशी सोय असते.

झोर्नित्सा: मीच लावून ठेवली होती. फेब्रुवारीपासून रोज सकाळी सातला. पहिली डिस्क निकामी झाली आहे, कृपया बदला. तेव्हा बदलली असती तर सगळं वाचलं असतं. हो ना?

स्पास: फेब्रुवारीत बदलली असती तर... बरंचसं. हो.

हरालाम्पी: मग बघितलं का नाहीस? तू तर असल्या गोष्टीत...

झोर्नित्सा: कारण पेटीला नाव द्यावं लागतं, आणि मी आईचं दिलं होतं. गंमत म्हणून. आईलाच विचारून दिलं होतं, ती म्हणाली, दे, निदान तिथे तरी मी कधी काही विसरायची नाही. आई जाऊन महिना झाला होता. रोज सकाळी ट्राममध्ये फोन उघडावा, तर सगळ्यात वर, पाठवणारी दोन्का. रोज. मला ते नाव बघवेना. मग ती सगळी आपोआप एका कोपऱ्यात जातील असं करून टाकलं. एकही उघडलं नाही. मे महिन्यात पत्रं यायची थांबली, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, बाबा. परवा सगळी उघडून वाचली. ब्याऐंशी होती.

हरालाम्पी: ये इकडे.

झोर्नित्सा: नको, मी ठीक आहे.

हरालाम्पी: खुर्ची तरी जवळ ओढ. मला त्या बाजूनं ऐकू येत नाही.

झोर्नित्सा: तुम्हाला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

हरालाम्पी: तरी ओढ.

स्पास: तुम्हाला दोघांना भांडायचं असेल तर मी चांभाराकडे जाऊन बसतो.

हरालाम्पी: आम्ही भांडत नाही आहोत.

स्पास: तेच म्हणतो. भांडणात मी बसून राहतो, याच्यात मला कानकोंडं व्हायला होतं.

झोर्नित्सा: दाखवा तुम्ही. काय ते एकदा दाखवा.

स्पास: बघा. पहिली डिस्क संपली, तिचं नाव काढू नका. दुसरीची पट्टी बदलली, सारख्याच डिस्कची जुनी माझ्याकडे होती. आतली टोकं साफ केली. नऊ दिवस वाचतोय तिला. थोडं वाचते, दमते. थांबवायची, निवू द्यायची, परत लावायची. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवावा तसं. बरंच निघालं. ताईंचा बाप्तिस्मा, शाळा, कुणाचं तरी लग्न, त्यात एक जण टेबलावर चढून नाचतोय.

हरालाम्पी: मेव्हणा.

स्पास: राकियावाला?

हरालाम्पी: तोच.

झोर्नित्सा: आणि अख्तोपोल?

स्पास: अख्तोपोलचे एकोणचाळीस फोटो. डिस्क नेमकी तिथेच खराब झालीय. हा बघा. वर एवढं आकाश, आणि खाली सगळं करडं. हा दुसरा. आकाश, करडं. हा तिसरा.

हरालाम्पी: सगळे असेच?

स्पास: सगळे. तीन वेळा प्रयत्न केला. आणखी महिनाभर केला तरी एवढंच निघेल, खोटं कशाला सांगू?

हरालाम्पी: म्हणजे नाही.

झोर्नित्सा: बाबा...

हरालाम्पी: नाही. बरं. मेतोदीला सांगू, चेहरा नको. नुसतं नाव कोर. तिचं नाव चांगलं आहे, लहान आहे. तुझे आभार, मिस्त्री. नऊ दिवस... चल झोरा. मला जरा घरी जायचंय.

स्पास: बसा काका. माझं संपलं नाही. म्हणून तर बोलावलं. पेटीत शेकडो फोटो असले की ती यादीत दाखवायला प्रत्येकाची एक छोटी प्रत करून ठेवते. ती दुसरीकडे ठेवते, डिस्कच्या दुसऱ्या टोकाला. त्या प्रती निघाल्या. टपालाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या. भिंतीवर लावण्यासारख्या नाहीत. पण तुमचा मेतोदी ठिपकेच मारतो ना? चेहरा ओळखू आला की त्याला पुरे.

हरालाम्पी: हे आधी सांगायचं, भल्या माणसा!

स्पास: आधी वाईट दाखवतो मी. उलट केलं तर लोक वाईट ऐकतच नाहीत. या, इकडे सरका. हा पहिला. तंबू.

हरालाम्पी: तंबू. त्याचा एक खांब मी लाकडाचा केला होता. पुढे.

स्पास: ही?

झोर्नित्सा: ही मी. रुसून बसलेय. चौदा वर्षांची, मला यायचंच नव्हतं.

हरालाम्पी: पूर्ण आठवडा बसली होती तशी. पुढे.

स्पास: मासे. मासे. कुत्रं. पुन्हा मासे. हा?

हरालाम्पी: हा नाही. यात मी आहे. पुढे.

झोर्नित्सा: थांबा जरा.

हरालाम्पी: पुढे घे, पुढे घे. एकटीचा आहे. निळा झगा, हसतेय, डोळे बारीक झालेत. मला नीट आठवतो तो.

स्पास: होडी. ताई पाठमोऱ्या. दीपस्तंभ. टरबूज. तंबू पुन्हा. आणि हा शेवटचा. एकोणचाळीस.

हरालाम्पी: राहिला असेल एखादा.

स्पास: आकाशंही एकोणचाळीसच आहेत, काका. काही राहिलेलं नाही. निळा झगा एकाच फोटोत आहे. मघाचा.

हरालाम्पी: दुसऱ्या दिवशीचे असतील कुठेतरी. दुसऱ्या दिवशीही तोच झगा होता.

झोर्नित्सा: नव्हता, बाबा. त्याच संध्याकाळी दोरीवरून वाऱ्यानं नेला. समुद्रात पडला. तुम्ही चपला काढून त्याच्या मागे पोहत गेलात, आणि आई काठावरून ओरडत होती, अरे सोड, झगाच आहे, तू बुडशील. मोकळ्या हातानं परत आलात. आठवतंय?

हरालाम्पी: आठवतंय. गार होतं पाणी.

झोर्नित्सा: मघाचाच पुन्हा लावा. बघा, बाबा. तो कणीसवाला आला होता, उकडलेली कणसं घेऊन, आणि तुम्ही त्याच्याशी हुज्जत घातलीत की कच्चं आहे. तो म्हणाला, काका, फोटो काढून देतो पण भांडू नका. तुम्ही कणीस उंच धरून दाखवताय, बघा दाणे. आणि आई तुमच्याकडे बघून हसतेय.

हरालाम्पी: तिनं सांगितलं ना, तेव्हा मला तीच दिसली. निळा झगा आणि हसणं. मी त्यात आहे हे डोक्यातच आलं नाही. मी तर तिच्याकडे बघत होतो.

स्पास: कापता येईल तसा. इथून, खांद्यापासून. तुमचा हात आहे तिच्या खांद्यावर, तेवढा राहील. मेतोदी तो ठिपक्यांनी बुजवेल.

हरालाम्पी: काप.

झोर्नित्सा: बाबा.

हरालाम्पी: काप म्हणतो ना. तुला नको आहे ते मला कशाला हवं? तिचा चेहरा मिळाला, झालं माझं. कणसासकट मी दगडावर बरा दिसेन का? काप, मिस्त्री.

झोर्नित्सा: थांबा, नका कापू. हात काढा त्या माउसवरून. आईला माहीत नव्हतं का फोटोत कोण कोण आहे? तीन आठवडे पडून होती दवाखान्यात. सगळे फोटो आठवून-आठवून हा निवडला तिनं. आणि सांगितला तुम्हाला.

हरालाम्पी: तुला ती मोकळी जागा बघवत नाही म्हणालीस.

झोर्नित्सा: बघेन. दर सुट्टीत येईन आणि बघेन, मोकळी आहे ना अजून. मेतोदीचा नंबर काय?

हरालाम्पी: माझ्या टोपीत चिठ्ठी आहे. आतल्या पट्टीत. पण झोरा, नीट विचार कर, एकदा कोरलं की...

झोर्नित्सा: कळतं मला. टोपी द्या... मेतोदी मास्तर? मी झोर्नित्सा, हरालाम्पींची मुलगी. फोटो मिळाला. लहान आहे, पण चेहरे स्वच्छ आहेत... हो, चेहरे. दोघांचा करा... नाही, हातातलं कणीस पण हवं. जसं आहे तसं... तारीख? आईची आहे तुमच्याकडे. बाबांची जागा मोकळी सोडा... हो हो, आहेत ना. इथेच बसलेत, माझ्या शेजारी.